थंडीतला गोठा : फजित्या, कामं आणि जुगाड

द्राक्ष_आणि_दूध (निफाड)

रामराम मंडळी. डिसेंबर आला की आमच्या निफाडचं नाव रोज पेपरात असतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा अमुक अंशावर आला वगैरे, आणि मग मुंबईपुण्याचे पाहुणे फोन करतात की काय मज्जा असेल ना तुमच्याकडे. मज्जा तर आहेच. पहाटे मोटर चालू करायला बाहेर पडलं की दहिवरानं पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून भाऊ रात्रभर बागेत शेकोट्या पेटवत बसलेला, आणि गोठ्यात पहिल्याच गाईखाली बसलं की मुतात भिजलेली शेपटी सपकन तोंडावर. उन्हाळ्यात ती कुणी मनावर घेत नाही, थंडीत बसली की डोळ्यापुढं काजवे.

यंदाची आत्तापर्यंतची कमाई: दोरीवर वाळत घातलेला आईचा स्वेटर कालवडीनं ओढून बाहीसकट चघळला, आता तो गोठ्यातच पुसायला वापरतोय. पुतण्या दूध घालायला जाताना धुक्यात, ट्रॅक्टरनं डांबरीवर आणलेल्या चिखलावरून घसरला, त्याला खरचटलं तेवढंच पण कॅन आडवा झाला आणि गल्लीतल्या कुत्र्यांची दिवाळी. धार काढायच्या मशीनच्या कपातले रबरी लायनर थंडीनं इतके कडक झालेत की कप सडावर नीट बसत नाहीत, सूं सूं करून हवाच ओढतात, आणि बाबा तेवढ्यावरून रोज सुनावतात की मी सांगत होतो हातानं धार काढा.

धागा काढायचं खरं कारण म्हणजे घरात वाद पेटलाय. बाबांचं म्हणणं सगळ्या गाईंवर गोणपाट टाका, गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री लावा, आत शेगडी ठेवा. भाऊ म्हणतो एचएफ (होल्स्टीन, विलायती जातीच्या) गाईला थंडी वाजत नाही, उघडं ठेवा. मी मध्ये. ज्यांचा गोठा आहे त्यांनी सांगा काय करता ते, आणि आपापल्या फजित्या पण टाका, नुसतं ज्ञान नको :)

बिबट्याचा_शेजारी (जुन्नर)

तुमच्याकडं तरी फक्त थंडी आहे ओ दादा. आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो वस्तीकडं सरकतो. आमच्या पट्ट्यात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, ताडपत्रीनं भागतच नाही, जाळीच पाहिजे. तोडणी करताना फडात बछडी सापडणं आता कुणाला नवीन नाही, वन खातं येतं, बछडी तिथंच ठेवतात आणि रात्री मादी येऊन नेते, तोवर त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही.

आणि त्यात शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट. म्हणजे गव्हाला पाणी द्यायला रात्री बाराला बाहेर जा, एका हातात बॅटरी, एका हातात काठी, मोबाईलवर भजन मोठ्यानं लावलेलं. परवा रात्री दारं धरून परत येताना गोठ्यात एकदम धडपड ऐकू आली, गाई उभ्या, कान टवकारलेले, दावी ताणलेली. चुलते, मी, शेजारचे दोघं सगळे काठ्या घेऊन पुढं. बघतोय तर आमचंच मांजर पेंडीच्या रिकाम्या पोत्यात डोकं अडकून गोल गोल पळत होतं. हसलो खूप, पण झोप कुणालाच लागली नाही नंतर.

एक सांगतो, खरंच जनावर मारलं तर ते जागचं हलवू नका. वन खात्याला लगेच कळवा आणि पंचनामा होऊ द्या, लोक घाईनं पुरून टाकतात आणि मग भरपाईचे वांधे होतात.

कासंडी (करवीर)

आमच्याकडं म्हशी. गाईचं काय ते गाईवाल्यांनी सांगावं पण म्हशीला थंडी वाजतीच, अंगावर केस किती ते बगा की. आम्ही गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं पोती लावतो, खाली उसाचा पाला टाकतो जाडसर, आणि रेडकाला जुनं पोतं कापून चार नाड्या लावून जाकीट करतो. सकाळी उठून बघावं तर जाकीट म्हशीच्या तोंडात. दरवर्षी. आई म्हणती म्हशीला आवडत न्हाई पोराला कापडं घातलेली.

दुसरी गोष्ट वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याची. तोडीच्या सीझनला वाढं फुकट मिळतं म्हणून मंडळी जनावराला नुसतं वाढं घालतात. त्यात ऑक्झलेट असतं, अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. आम्ही चुन्याची निवळी शिंपडून घालतो, सोबत थोडी वाळकी वैरण. वडील सुरुवातीला म्हणायचे पानाला चुना लावतोस का काय, आता तेच कालवतात.

चिनूक (दक्षिण अल्बर्टा)

धागा बघून राहवलं नाही. मी मूळची साताऱ्याची, लग्न करून इकडे आले आणि सासर म्हणजे बीफ कॅटलचं रँच, काळ्या अँगस गाई. दूध नाही काढत, वासरं वाढवून शरद ऋतूत विकायची. आणि व्यायचा हंगाम सुरू होतो तोच फेब्रुवारी मार्चला, म्हणजे उणे तीस असू शकतं अशा दिवसांत. पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं, एवढ्या थंडीत कशाला, मेमध्ये का नाही? त्या म्हणाल्या मेमध्ये पेरणीला कोण जाणार, आणि लवकर झालेलं वासरू विकायच्या वेळी वजनाला जास्त भरतं.

द्राक्षदादा, तुमच्या शेपटीच्या वर एक पायरी सांगते. इथे शेपटीच्या झुपक्याला शेण लागतं आणि ते गोठून गोटे होतात. शूटमध्ये, म्हणजे जनावर अडकवायच्या अरुंद पिंजऱ्यात, गाय घेतली, लस टोचायला मागून गेलं की तो गोटा टाळक्यात. हेल्मेट घालावं असं मनापासून वाटतं.

बाकी रोजचं काम म्हणजे पाणी. पाण्याच्या टाकीला विजेचा हीटर असतो, तो बंद पडला की सकाळी गाई टाकीभोवती रांगेत उभ्या आणि वर बर्फाची लादी. कुऱ्हाड घ्यायची आणि फोडायचं. पाणी कमी पडलं तर गाय वैरण पण कमी खाते आणि थंडीत खाणं कमी झालं की संपलंच. डगआऊट म्हणजे शेततळं, त्याच्या बर्फावर गाय गेली तर फार वाईट, पाय फाकून पडते आणि मांड्या भरून येतात, परत उठत नाहीत काही काही. म्हणून कुंपण.

फजितीचं विचाराल तर ट्रॅक्टर. रात्रभर ब्लॉक हीटर (इंजिन ऊबदार ठेवणारा, विजेवरचा) लावून ठेवावा लागतो नाहीतर सकाळी इंजिन हलत पण नाही आणि डिझेलचा साका होतो. सासरे सकाळी घाईत चढले आणि वायर काढायची राहून गेली, भिंतीतला सॉकेटच घेऊन निघाले मागे. वायर बर्फावरून सरपटत होती आणि कुत्रा साप समजून भुंकत पळत होता. दर हिवाळ्यात कुणीतरी हे करतंच, शेजारच्या रँचवर पण.

आता मुद्दा. गाईच्या पाठीवर बर्फ पडून तसाच पांढरा राहिला तर इथले लोक खूश असतात. म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाहीये, केसांचा कोट चांगला आहे. मोठ्या गाईंना शेडच नाहीये आमच्याकडे. लाकडी फळ्यांची वारा अडवणारी भिंत आणि खाली भरपूर गव्हाचा भुसा, बस्स. कोरडा हिवाळी कोट असेल तर साधारण उणे सात आठपर्यंत त्यांना जास्तीचं काही लागत नाही, त्याखाली गेलं की वैरण वाढवायची. पण कोट ओला झाला तर तीच गाय अधिक १५ अंशाला पण कुडकुडते. थंडीपेक्षा ओल आणि वारा वाईट.

द्राक्ष_आणि_दूध (निफाड)

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले त्या गाई कॅनडाच्या आहेत. मी म्हणालो आपल्या पण मूळ हॉलंडच्याच ना. चहा न पिता उठून गेले.

खरवसप्रेमी (पुणे)

मस्त धागा! मी शहरी माणूस, गोठ्याशी संबंध म्हणजे पिशवीतलं दूध. एक प्रश्न: थंडीत गाई जास्त वितात ना? मग चीक मिळेल का कुणाकडे, पैसे देऊन? इथे मिळतो तो चायना ग्रासचा असतो असं बायको म्हणते.

धारोष्ण (संगमनेर)

खरवसवाले आले :) गावात गाय व्यायची बातमी वासरू उभं राहायच्या आधी पोचते आणि शेजारपाजारची पातेली दारात. आमच्याकडं नियम केलाय, पहिला चीक वासराचा, कुणीही मागो. शेजारच्या काकू वर्षभर बोलत नव्हत्या त्यावरून.

बरं थंडीवर एक प्रसंग सांगतो, आमच्या शेजारच्या वस्तीवरचा. तिसऱ्या वेताची चांगली दुधाची गाय, संध्याकाळी व्यायली, पहाटे बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान बर्फासारखे गार. सगळे म्हणाले हिला थंडी भरली. मग काय, गोधड्या टाकल्या, बाजूला शेकोटी पेटवली, गूळ ओव्याचं पाणी पाजायला लागले, एक जण तर मोहरीचं तेल चोळत होता. गाय अजूनच ढिली. मी दूध घालून येताना बघितलं आणि डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आले, शिरेतून सलाईन सोडलं आणि ते संपता संपता गाय थरथरायला लागली, ढेकर दिली, शेण टाकलं, आणि थोड्या वेळात उभी! बघणारे म्हणे चमत्कार. त्यांनी त्या गोधड्या उचलून नेल्या आणि शेकोटीवर आम्ही चहा केला.

जनावरांचा_डॉक्टर

धारोष्ण दादांनी सांगितलं ते नव्याण्णव टक्के मिल्क फीव्हर. नावात फीव्हर आहे पण अंग गार पडतं, म्हणूनच फसगत होते. व्यायल्यानंतर पहिल्या दोन तीन दिवसांत, तिसऱ्या वेतापासून पुढच्या दुधाळ गाईत जास्त. चिकात कॅल्शियम भसाभस जातं आणि रक्तातलं कमी पडतं, स्नायू काम करेनासे होतात, रवंथ थांबते, कान गार. उपाय कॅल्शियमचं सलाईन, पण शिरेतून अगदी हळू आणि कोमट करून द्यायचं, घाईनं सोडलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून मेडिकलमधून बाटली आणून स्वतः लावू नका. आणि अशा गाईला तोंडानं काहीही पाजू नका, गिळता येत नसतं, काढा सरळ फुप्फुसात जातो. डॉक्टर सापडत नसेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा, फिरता दवाखाना आहे.

आता द्राक्षदादांचा वाद. मोठी, धडधाकट, पोटभर खाणारी एचएफ गाय साधारण ५ ते २५ अंशांत आरामात असते, दुधाळ असेल तर त्याच्याही खाली. तिच्या पोटात वैरण आंबते तिथंच उष्णता तयार होते. आपल्याकडं एचएफचा शत्रू एप्रिल मे आहे, डिसेंबर नाही. थंडीत दूध आणि फॅट दोन्ही वाढतात ते उगीच नाही. त्यामुळे भावाचं बरोबर.

पण बाबांचं पण सगळंच चूक नाही. वासराला थंडी वाजते, आणि फार लवकर. पहिल्या दोन तीन आठवड्यांत पारा १५ च्या खाली गेला की प्यायलेलं दूध अंग गरम ठेवण्यातच खर्च होतं, वाढीला उरत नाही. निफाडला पहाटे ते रोजच होतं. म्हणून वासराला कोरडा जाड बिछाना, इतका की बसल्यावर पाय दिसले नाही पाहिजेत, अंगावर पोतं, आणि दूध थोडं वाढवून. म्हशी, रेडकं, आपल्या पातळ कातडीच्या देशी गाई, म्हातारी, आजारी, नुकती व्यायलेली, यांना पण आडोसा हवा.

आणि ताडपत्री चारी बाजूंनी नको. एक प्रयोग करा, बंद गोठ्यात पहाटे वासराच्या उंचीला, म्हणजे खाली उकिडवं बसून एक मिनिट श्वास घ्या. डोळे चुरचुरले की समजा अमोनिया साठलाय. बऱ्याच वासरांचा न्यूमोनिया थंडीनं नाही, या कोंडलेल्या हवेनं होतो. वाऱ्याची बाजू खालून वासराच्या उंचीपर्यंत बंद, वरून मोकळं. शेगडी तर अजिबात नको.

मालदांडी (मंगळवेढा)

शेगडीला डॉक्टरांपेक्षा मी जास्त सांगू शकतो. आमच्या गावात एकानं गोठ्याशेजारी शेकोटी केली, वाऱ्यानं ठिणगी उडाली आणि शेजारचं कडब्याचं बुचाड रात्रीत राख. जनावरं सोडली वेळेवर म्हणून वाचली पण वर्षाची वैरण गेली. गावानं मग प्रत्येकानं थोड्या थोड्या पेंढ्या दिल्या.

आमच्याकडं थंडी म्हणजे हुरडा. आणि हुरडा म्हणजे पाहुणे. मागच्या हंगामात पुण्याचे पाहुणे आले, पोरांना गाईला हात लावायचा होता, फोटो वगैरे, आणि त्यातल्या कुणीतरी दावं सोडून ठेवलं. गाय थेट रानात. हुरड्यासाठी कणसं कापून नेलेल्या ठिकाणी खालून कोवळे फुटवे आले होते, ते हाणले तिनं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, कोवळ्या ज्वारीत आणि त्या फुटव्यात सायनाईडचं विष तयार होतं, पाण्याच्या ताणात जास्तच. थोड्या वेळात धापा टाकायला लागली, तोंडाला फेस, लटपटायला लागली. डॉक्टर जवळच दुसऱ्या वस्तीवर होते हे नशीब, सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून दिलं, वाचली. पाहुणे बिचारे एवढे घाबरले की हुरडा तसाच टाकून गेले. आम्ही खाल्ला नंतर, वाया कशाला घालवायचा.

आणि हो मफलर! कडबा कुट्टीच्या मशीनवर काम करताना मफलर, शाल, ओढणी, लांब बाह्या काही नको. थंडीत हाताला बधिरपणा असतो, वैरण पुढं सारताना कळत नाही हात कुठवर गेला. आमच्या चुलत भावाच्या मफलरचं टोक रोलरमध्ये गेलं, वहिनींनी धावत जाऊन मेन बंद केली. मफलरचे तुकडे झाले, मानेला वळ उठला, बाकी काही नाही. तेव्हापासून बटण हाताच्या अंतरावर घेतलंय आणि घरात मफलर म्हणलं की वहिनी डोळे वटारतात.

वऱ्हाडी_गुराखी (आर्वी)

आमच्या इकडं गवळाऊ गाई, भाऊ. दिवसभर चरून येतात, रात्री बांधल्या की सकाळी शेण आणि गोऱ्हा. जास्त लाड नाही. पण थंडी जोराची पडली की पऱ्हाटीच्या काड्यांचा कुड करून एका बाजूनं लावतो, डॉक्टर सायेब म्हणून राहिले तसंच, वरून उघडं. आमच्या बुढ्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याला आधीच माहीत होतं.

फजिती एकच. थंडीत गुरं चारताना उन्हाला पाठ करून मेंढरासारखा बसलो, डोळा लागला, उठलो तर एक गाय नाही. सगळं रान पालथं घातलं. संध्याकाळी घरी आलो तर ती आधीच गोठ्यात, आणि माय विचारते तू कुठं हरवला होता.

बिबट्याचा_शेजारी (जुन्नर)

@वऱ्हाडी 😂😂

डॉक्टर, लसूणघासाचं विचारायचं होतं. सकाळी दहिवराचा ओला घास टाकला की पोटफुगी होते हे खरं का नुसतं म्हणतात?

जनावरांचा_डॉक्टर

कोवळा लसूणघास आणि बरसीम उपाशीपोटी भरपूर खाल्ला की फेसाळ पोटफुगी होते, डावी कूस ढोलासारखी वर येते. दहिवर असताना धोका जास्त. आदल्या दिवशी दुपारी कापून सुकत टाका, आधी कडबा किंवा वाळलेली कुट्टी खाऊ द्या, मग घास. सुरुवातीची पोटफुगी असेल तर गोडेतेल देतात, पण डोकं वर करून बाटली घशात कोंबू नका, तोंडाच्या कडेनं थोडं थोडं, ठसका लागला की थांबायचं. कूस जास्तच ताणली, जनावर जीभ बाहेर काढून श्वास घ्यायला लागलं, तर तेलाच्या नादात वेळ घालवू नका.

चिनूक (दक्षिण अल्बर्टा)

वासराचं डॉक्टरांनी सांगितलं ते शंभर टक्के. इथे गाय बाहेर बर्फात व्यायली आणि वासरू ओलं पडून राहिलं तर पहिले कान आणि शेपटीचं टोक जातं. आमच्या कळपात आखूड कानांच्या गाई आहेत त्या सगळ्या अशाच थंड रात्रीच्या. मोठं होऊन काही बिघडत नाही, फक्त कानातल्या टॅगला जागा पुरत नाही.

वासरू गार सापडलं की आम्ही तोंडात बोट घालतो. तोंड आतून गार आणि चोखत नसेल तर आणीबाणी. हॉट बॉक्स म्हणून प्लॅस्टिकची मोठी पेटी असते, गरम हवा खेळती ठेवणारी, त्यात टाकायचं. आणि एकाच रात्री दोन वासरं आली आणि पेटी एक, तर दुसरं घरात. सासूबाईंचा बाथटब. कोमट पाण्यात धरून बसायचं, मग टॉवेलनं खसाखसा कोरडं करायचं, शेवटी माझा हेअर ड्रायर. अंगात ऊब आली की ते टबमधून उठतं आणि बाथरूमभर नाचतं, आणि पहिलं काळं चिकट शेण नेमकं पांढऱ्या पायपुसण्यावर. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली तुला इंजिनियर केलं ते यासाठी का.

चीक आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो. ज्या गाईला जास्त असतो तिचा काढून बाटल्यांत, तारीख लिहून. लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा, उकळायचा नाही, नाहीतर त्यातली प्रतिकारशक्ती देणारी प्रथिनं मरतात.

खरवसप्रेमी (पुणे)

म्हणजे अल्बर्टात पण खरवस नाही. 😔

जनावरांचा_डॉक्टर

खरवसप्रेमी, निराश होऊ नका. ३५-४० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत तीन ते चार लिटर चीक गेला पाहिजे, कारण चोवीस तासांनंतर आतडं तो शोषून घ्यायचं बंद करतं. पण एचएफ गाय त्याच्यापेक्षा बराच जास्त देते. दुसऱ्या तिसऱ्या धारेचा उरलेला मागा, कुणी नाही म्हणणार नाही. चिनूकताईंची फ्रीझरची युक्ती मात्र प्रत्येक गोठ्यात पाहिजे, पहिल्या धारेच्या दोन बाटल्या तरी.

अजून दोन गोष्टी. गाई धुवायच्या तर दुपारी उन्हात, पहाटे नाही, पहाटे फक्त कास आणि सड कोमट पाण्यानं धुऊन लगेच कोरडी पुसा. थंडीत ओल्या सडांना भेगा पडतात, भेगेतून जंतू आत आणि मग दगडी, म्हणजे कासेचा दाह. धार झाल्यावर सड बुडवायच्या आयोडीनच्या डिपमध्ये ग्लिसरीन असलेला घ्या. आणि पाणी, रात्रभर टाकीत गारठलेलं पाणी गाय कमी पिते. दुधात ८७ टक्के पाणीच असतं, पाणी कमी तर दूध कमी. बोअरचं ताजं पाणी पहाटे कोमट असतं, तेच पाजा.

द्राक्ष_आणि_दूध (निफाड)

बोअरचं पाणी करून बघितलं. मोटर चालू केली की पाइपातून वाफा निघतात, गाई स्वतःहून हौदाकडं ओढतात. दुधात फरक दिसतोय, भावाच्या मते पाण्यानं आणि बाबांच्या मते सरकी पेंड वाढवल्यानं. लायनर पण कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून मग लावतोय, कप बसतात आता.

ताडपत्री अर्ध्यावर आणली. बाबांना डॉक्टरांचा तो उकिडवं बसायचा प्रयोग करायला लावला. खाली बसले, खोकत उठले, काही बोलले नाहीत, स्वतःच दोरी सोडली. पण आमची एक म्हातारी जर्सी आहे, तिच्यावर गोणपाट टाकतातच आणि कानात काहीतरी बोलतात.

कासंडी (करवीर)

टाकू दे की. म्हातारीला टाका म्हणून डॉक्टर पण म्हणालेत.

चिनूकताई, रात्री व्यायचं काय करता? आमच्या म्हशी सगळ्या रात्री दोन ते चारच्या मध्येच धरून बसतात, मुद्दाम केल्यासारखं.

चिनूक (दक्षिण अल्बर्टा)

आमच्याकडे कोनेफल पद्धत म्हणतात. मॅनिटोबातल्या गस कोनेफल नावाच्या रँचरनं शोधलेली. व्यायच्या आधी महिनाभर वैरण रोज दोनदाच, एकदा दुपारी अकरा बाराला आणि एकदा रात्री साडेनऊ दहाला. त्याच्या बहुतेक गाई मग दिवसा व्यायला लागल्या. आम्ही फक्त संध्याकाळी उशिरा घालतो, तरी फरक पडतो. सगळ्या नाही ऐकत. बीफच्या गाईंत बघितलंय, म्हशींचा अनुभव नाही हां.

कासंडी (करवीर)

आमच्या दोन फेब्रुवारीत व्यायच्या हाईत. आत्तापासनं एकीला रात्री दहाला वैरण टाकतो आणि दुसरीला नेहमीसारखी, बघूया. आई विचारणारच एकीचाच लाड का म्हणून.

धारोष्ण (संगमनेर)

कासंडीदादा, निकाल इथंच टाका. आणि खरवसप्रेमी, आमची एक या महिन्याअखेरीला आहे, दुसऱ्या धारेचा ठेवतो. डबा तुमचा आणा, आमचे परत येत नाहीत.